घाल आणि घालव

आमच्या घरातलं एकही दार एका दमात लागत नसे, आणि अण्णांना त्याची लाज वाटण्याऐवजी अभिमान वाटे. पुढचं दार जरा उचलून ढकलायचं, मागचं गुडघ्यानं रेटायचं, न्हाणीघराचं ओढून धरायचं आणि मग कडी लावायची. पाहुणे आले की अण्णा त्यांना हे सगळं प्रात्यक्षिकासह समजावून सांगत, कारण ती दारं त्यांनी स्वतः बसवली होती. बेंगळूरच्या जयनगरातल्या त्या लहानशा घरात मिस्त्री म्हणून कुणी पाय ठेवला नव्हता. अण्णा सरकारी कचेरीत दिवसभर कागदांवर शेरे मारत, आणि घरी आले की शर्ट खुंटीला लावायच्या आधी पक्कड हातात घेत. स्वयंपाकघरातली फळी त्यांनी अशी ठोकली होती की डबे हळूहळू एका टोकाला येऊन गोळा होत. त्यांनी केलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. पण आईला ताठ उभं राहून पोळ्या लाटता याव्यात म्हणून त्यांनी ओट्याची कडाप्पा फरशी काढून तिच्या उंचीला बसवली होती, ती मात्र इतकी नेमकी बसली होती की आई शेजारणींना मुद्दाम आत बोलावून दाखवी. म्हणजे माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. अगदीच वाया गेलेला असता तर आईनं त्यांची हत्यारांची पेटी केव्हाच विकून टाकली असती.

अण्णांचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर या बाजूला आले आणि इथलेच झाले. आमच्याकडे मराठी होती ती घरातल्या घरात, आणि ती अर्धी कन्नडातून उठून आलेली. अण्णा ‘दार उघड’ म्हणत नसत, ‘दार काढ’ म्हणत. आई निपाणीची. तिची मराठी कोल्हापूरकडची, रांगडी, खणखणीत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अण्णा तिला म्हणाले, “गुजरीत जाऊन येतो, तुला काय तरी आणतो.” आता कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ. आई दिवसभर आरशासमोर कान चाचपत बसली. बेंगळूरात गुजरी म्हणजे शिवाजीनगरातला जुन्या मोडक्या सामानाचा बाजार. संध्याकाळी अण्णांनी पोत्यातून लोखंडी पात्यांचा एक पंखा काढून तिच्यापुढे ठेवला. आई ही हकिकत सांगताना दर वेळी हसे, पण हसता हसता एकदा तरी कानाला हात लावी.

त्याच गुजरीतून अण्णांनी एका रविवारी गिझर आणला. पांढरा, पोट आलेला, एका बाजूला पोचा पडलेला. आमच्याकडे तोवर न्हाणीघरात तांब्याचा हंडा होता, त्याच्याखाली लाकडं पेटत, धुरानं आईचे डोळे चुरचुरत. “आता धूर बंद,” असं म्हणून अण्णांनी तो भिंतीला लावला. पाणी तापलंही. दुसऱ्या दिवशी आईनं ओल्या हातानं नळ धरला आणि किंचाळून मागे आली. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या. अण्णांनी आत जाऊन नळाला बोट लावून पाहिलं, बोट झटकलं, आणि म्हणाले, “स्वल्प आहे. तेवढं काय होत नाही.” स्वल्प म्हणजे थोडंसं. तेवढ्याशा करंटनं माणूस मरतो की काय, असा त्यांचा सवाल होता.  आई गॅसवर पातेल्यात पाणी तापवायला लागली, आणि न्हाणीघरात जाताना मला दर वेळी सांगू लागली, “मंजू, त्या नळाला हात लावायचा न्हाई.”

आज मी ज्या इमारतीत राहते तिथं फोनवर बोट टेकवलं की गणवेशातला माणूस येतो, काम करतो आणि जाताना फोनवर पाच तारे द्या म्हणतो. माझी सून म्हणते, किती सोयीचं आहे. आहे खरंच. पण मला त्या वेळची आई आठवते. अण्णा पेटीकडे वळले की तिच्या हातातली लसूण सोलायची थांबे. तिला एकच भीती होती आणि ती तिनं मला स्पष्ट बोलून दाखवली होती: हा माणूस एक दिवस विजेत हात घालून जाणार आणि मी नुसती बघत उभी राहणार. कुकरची शिट्टी, शेजारच्या पद्मक्कांचा रेडिओ, सकाळी फुलं विकणाऱ्या बाईचा ‘हूऽऽव्वा’, या सगळ्या आवाजांत आईचा एक कान कायम न्हाणीघराकडे असे. माझाही लागला. मी अकरावीतल्या प्रमेयांपेक्षा पेचकसाचे आवाज जास्त ऐकले असतील.

आता दोन शब्दांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांवरच फिरलं. दिवा सुरू करायचा तर अण्णा म्हणत ‘लाईट घाल’. कन्नडमध्ये तसंच म्हणतात, ‘लाईट हाकू’, त्याचं ते सरळ मराठी. बंद करायचा तर ‘काढ’. आईच्या माहेरी मात्र दिवा लावतात, आणि बंद करायचा तर म्हणतात ‘लाईट घालव’. म्हणजे अण्णांचं घाल म्हणजे चालू, आईचं घालव म्हणजे बंद, आणि मधे फक्त एक व. एरवी त्यावर थट्टा चाले. पण गिझर दुरुस्त करायला घेतला त्याच आठवड्यात, अण्णा स्टुलावर चढून माळ्यावरच्या सामानातून एक तार शोधत असताना आईनं खालून विचारलं, “लाईट घालवू का? पलीकडं कोण न्हाई.” ती पलीकडच्या खोलीतल्या दिव्याबद्दल बोलत होती; माळ्यावर जो काही उजेड येत होता तो त्याच दिव्याचा. अण्णांना वाटलं, ती माळ्याजवळचा दिवा लावू का विचारते आहे. म्हणाले, “हां, हां, घाल.” आईला ते ‘घालव’सारखंच ऐकू आलं. तिनं पलीकडचा दिवा बंद केला. काळोखात अण्णांचं डोकं तुळईला आपटलं.

“इतकी वर्षं बेंगळूरात राहून तुला घाल कळत नाही?” अण्णा कपाळ चोळत ओरडले.

“आणि इतकी वर्षं माझ्यासंगं राहून तुमास्नी घालव कळंना!” आई म्हणाली. “माझ्या माहेरच्या बोलीला नावं ठेवू नगासा.”

दोघंही तापट. त्या संध्याकाळी सारू-भात झाला, वर पापड नाही. आईचा राग आमच्या ताटात असा दिसायचा. दोन दिवस दोघं माझ्यामार्फत बोलत होती. “तुझ्या अण्णांना सांग, दळण आणायचंय.” “आईला सांग, सरी.” सरी म्हणजे बरं. मला दोघांचाही संताप आला होता. इतकी मोठी माणसं, आणि भांडण एका अक्षरावरून.

रविवारी सकाळी अण्णांनी गिझर उघडायला घेतला. आईनं उप्पिटाची बशी माझ्या हातात देताना विचारलं, “कुणाला बोलवून घेत न्हाईत?” मी तसं विचारलं. अण्णा म्हणाले, “बेडा, कुणी नको. अर्ध्या तासाचं काम आहे.” आई स्वतःच पदर खोचून पुढच्या व्हरांड्यात गेली. तिथं भिंतीवर लोखंडी डब्यात मेन होता, बाजूला दांडा. दांडा वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. तिथं दुसऱ्या कुणाला उभं करायला ती तयार नव्हती. न्हाणीघर घराच्या पार मागच्या टोकाला, मधे दोन खोल्या आणि बोळ. मी आत, पाटावर उभी राहून गिझरच्या पोटात बॅटरीचा उजेड धरून होते. अण्णा त्या आखूड पायाच्या स्टुलावर उभे, दातांत तारेचा तुकडा.

पहिल्यांदा सगळं नीट चाललं. अण्णा ओरडले, “घाल!” आईनं दांडा वर केला. टेस्टरमधला बारीक दिवा लागला. “काढ!” दिवा गेला. असं दोन-तीनदा झालं. दोघांचा अबोला असूनही दोघं एकमेकांच्या आवाजावर चालत होती. मग पद्मक्कांचा रेडिओ गाण्याच्या मधेच थांबला. समोरच्या घरातला मिक्सर थांबला. करंट गेलं होतं. आमचा मेन त्या वेळी बंदच होता.

अण्णांनी तारांची उघडी टोकं हातात घेतली, आणि मग थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मी क्वचित पाहिलेलं काहीतरी आलं, संकोच म्हणा. मला हळूच म्हणाले, “करंट कधीही परत येईल. मेन बंदच राहू दे, असं सांगतो. तिच्या शब्दात सांगतो. बरं वाटेल तिला.” आणि मान वळवून ओरडले, “करंट गेलंय गं! मेन घालव! घालव हां!”

व्हरांड्यातून आईचा आवाज आला, किती दिवसांनी मोकळा. “झालं बगा!”

अण्णा हसले. कामाला लागले. मी उजेड धरून होते. किती वेळ गेला कोण जाणे, मला त्यांच्या मानेवरचा घाम आठवतो, आणि स्टूल दर हालचालीबरोबर टक् करत होतं ते. मग समोरचा मिक्सर घरघरला. मला वाटलं, आलं वाटतं करंट, बरं झालं. रेडिओवर बाईचा आवाज सुरू झाला. आणि अण्णा ताठ झाले. तोंड उघडं, आवाज नाही. हात तारांना चिकटलेला आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. मला कळलं, आणि मी हलू शकले नाही, कारण त्यांना धरायचं नाही एवढंच डोक्यात होतं. मी ओरडले, “आई! मेन!” त्याच क्षणी स्टूल आखूड पायावर कललं. अण्णा आडवे खाली आले, बादलीवर, आणि तारा हातातून सुटल्या. त्यांनी आयुष्यात इतक्या वस्तू बनवल्या, त्यातल्या सगळ्यात फसलेल्या वस्तूनं त्यांचा जीव वाचवला.

पुढचं मला तुटक आठवतं. आई धावत आली ती आधी दांडा खाली ओढूनच. तिनं अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांच्या तळव्यावर पांढरे-काळे चट्टे होते, त्यांच्याकडे पाहून ती एकच म्हणत होती, “मी घातलं. मी घातलं.” मला त्याचा अर्थ लागला नाही. पद्मक्कांचे यजमान धावत आले, “एनायतु?” म्हणजे काय झालं, असं विचारत आत शिरले आणि विचारत न बसता बाहेर जाऊन रिक्षा घेऊन आले. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, हाताचं भाजणं बरं होईल, पण हृदयाचे ठोके अनियमित पडतायत, संध्याकाळपर्यंत बघावं लागेल, आत्ता काही सांगता येत नाही.

ती दुपार आम्ही बाकावर काढली. पद्मक्कांनी केळीच्या पानात बांधून चित्रान्ना, म्हणजे लिंबाचा भात, आणला होता, तो तसाच राहिला. तिथं आईनं मला सांगितलं. तिनंही आदल्या रात्री मनाशी ठरवलं होतं, की घर त्यांचं, गाव त्यांचं, इथून पुढं त्यांचाच शब्द धरायचा. घाल म्हणजे चालू. अण्णांनी ‘घालव’ म्हटलं ते तिला नीट ऐकू आलं होतं. पण अण्णांच्या तोंडी तो शब्द कधी नव्हताच. तिच्या माहेरी कन्नड बोलणारी माणसं बाईमाणसाला प्रेमानं ‘व्वा’ लावून बोलतात, ये म्हणायचं तर ‘बाव्वा’. तिला वाटलं, अण्णा मुद्दाम तिच्या गावाकडच्यासारखं बोलून समेट करतायत: घाल, व्वा! करंट गेलंय, तेव्हा मेन चालू ठेव, म्हणजे आल्याबरोबर कळेल. “मला एवढा आनंद झाला मंजू,” ती म्हणाली, “मी दांडा वर केला आन् हसले. हसले गं मी.” आणि ती इतकी रडली, की समोरच्या बाकावरची अनोळखी बाई उठून तिच्याजवळ येऊन बसली.

संध्याकाळी ठोके ठिकाणावर आले. अण्णा शुद्धीवर होते, हाताला बँडेज. पद्मक्का, त्यांचे यजमान, अण्णांच्या कचेरीतले एकदोघं खाटेभोवती उभे होते. कुणीतरी विचारलं, कसं झालं. अण्णा म्हणाले, “काय नाही, माझा पाय सरकला. मेन बंद करायलाच विसरलो.”

“खोटं सांगू नगासा,” आई सगळ्यांसमोर म्हणाली. “दांडा मी वर केला.”

“मी घालव म्हटलो. तुझ्या शब्दात.”

“आन् मी तुमच्या शब्दात ऐकलं.”

बाकीच्यांना काही कळलं नाही. अण्णांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी डोळे मिटले आणि बँडेज नसलेला हात आईच्या दिशेनं चादरीवर सरकवला. सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात धरणं तेव्हा आमच्याकडे चालत नसे. आईनं धरला.

मला वाटलं, संपलं. पण खरं कठीण त्यानंतर सुरू झालं. अण्णा घरी आले आणि त्यांनी पेटीला हात लावला नाही. आईनं मना केलं नव्हतं. मना करावं लागलंच नाही. नळ गळायला लागला तर ते त्याच्याखाली बादली सरकवत. फळीवरचे डबे घसरून खाली पडले तर मुकाट्यानं वेचत. दिव्याचं बटण दाबायचं तर आधी हात धोतराला पुसत, आणि तरी बोट जरा अलीकडेच थांबे. कचेरीतून आले की शर्ट खुंटीला लावून खुर्चीवर बसत, भाजलेला तळवा उताणा मांडीवर ठेवून. उघडा गिझर भिंतीवर तसाच लटकत होता आणि आम्ही गॅसवर पाणी तापवत होतो. एकदा आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “आदी वाटायचं, ह्यो माणूस हात घालून मरंल. आता हात न घालता मराय लागलाय.” मला तेव्हा आईचा राग आला. तिला आणखी काय हवंय, असं वाटलं. जीव वाचला हे पुरेसं नाही का? आज या वयात मला ती बरोबर वाटते.

शेवटी आईनंच यशवंतपूरकडून एक वायरमन बोलावला. आमच्या घरात आलेला पहिला मिस्त्री. त्यानं जमिनीत अर्थिंगची पट्टी पुरली, तार ओढली, मीटर लावून तपासलं. अण्णा बोळाच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसले होते, पाहुण्यासारखे. वायरमननं विचारलं, गिझरच्या तारा जोडू का? तेवढंच राहिलं होतं.

“तू हितंच थांब. नुसतं बघ,” आई त्याला म्हणाली. मग अण्णांकडे वळली. “अहो, उठा. तुम्ही जोडा.”

अण्णांनी मान हलवली. “बेडा, सुशी,” ते आईला तिच्या नावानं म्हणाले.

“उठा म्हणते ना.”

ती पुढं व्हरांड्यात गेली. आम्हाला खटक्याचा आवाज आला. परत आली ती मेनचे दोन्ही फ्यूज उपसून, चिनी मातीचे ते पांढरे तुकडे मुठीत धरून. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तिनं बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली, अण्णांच्या डोळ्यांसमोर, मूठ मांडीवर.  अण्णा किती तरी वेळ तिच्या मुठीकडे पाहत राहिले. मग उठले, वायरमनकडून पेचकस घेतला. उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती, तार दोनदा निसटली. वायरमन पुढं सरकला तेव्हा आईनं त्याला नुसत्या मानेनं थांबवलं. तिच्या कपाळावर घाम होता, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ती एकदाही दुसरीकडे पाहत नव्हती.  शेवटचा स्क्रू बसला. वायरमननं बॅटरी मारून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि म्हणाला, “सरी इदे सार.” ठीक आहे.

फ्यूज घातले, पाणी तापलं. वायरमननं नळावर टेस्टर टेकवून दाखवला, दिवा लागला नाही. तो गेला. आता नळाला आधी हात कोण लावणार, यावर आम्ही तिघं बोळात उभे होतो. अण्णा म्हणाले, “मी बघतो.” आईनं टॉवेल ओढून घेतला, आत गेली आणि कडी लावली. आम्ही दोघं बाहेर. नळ सुटल्याचा आवाज आला. तांब्या बादलीत बुडाल्याचा. पाणी अंगावर पडल्याचा, पुन्हा, पुन्हा. मग सगळं थांबलं. अण्णांनी भाजलेला तळवा दारावर ठेवला.

“सुशी?” आतून काही नाही. “सुशीऽ!”

“ओरडतासा काय?” आई आतून म्हणाली. “केस धुवाय लागलेय. येळ लागंल.”

अण्णा दाराला पाठ लावून खाली बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. आई केस फक्त शुक्रवारी धुवायची. त्या दिवशी सोमवार होता.